बाकोलीचा कॅन

अंतानानारिवोत रात्री माणसं झोपतात
आणि त्यांचे कॅन रांगेत उभे राहतात.
पिवळे, तेलाचे, वीस लिटरचे,
नळापासून चर्चच्या भिंतीपर्यंत,
तिथून वळून पायऱ्यांवर,
खाली, अंधारात.

मी हेरिझो. कॅनांचा राखणदार.
एका कॅनामागे रात्रीचे शंभर आरिआरी.
इथं नाव कुणी विचारत नाही, खूण विचारतात.
निळ्या झाकणाचा तो शिंप्याचा.
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला शाळेचा.
झाकणाऐवजी मक्याचं बुरकुंड खुपसलेलं,
ते मांदाच्या घरचे; त्यांचं झाकणही चोरीला गेलं.
आणि लाल फुलीचा, एका कुशीला चेपलेला,
तो बाकोलीचा.

बाकोली परटीण.
लोकांच्या चादरी इकोपाच्या काठी
गवतावर वाळत घालायची.
जन्मभर नदीत गुडघाभर उभी,
आणि घोटभर प्यायच्या पाण्यासाठी
रोज संध्याकाळी माझ्याशी भांडायची:
"सोळा होता माझा नंबर. सतरा कसा झाला?"

गंमत बघा.
खाली भातखाचरं तुडुंब.
आत्ताच सर येऊन गेली,
पत्र्यांवरून अजून ठिबकतंय,
आणि नळ ठणठणीत.
कुणी म्हणतं पंप जळला, कुणी म्हणतं वीज नाही,
कुणी म्हणतं पाइप आजोबांच्या वयाचे.
टेकडीवर पाणी चढत नाही एवढं खरं.
माणसं चढतात,
डोक्यावर वीस किलो घेऊन.

पावणेतीनला नळ खोकला.
आधी हवा येते, मग गंजाची चूळ,
मग बोटाएवढी धार.
मी शिट्टी मारली.
दारं करकरली, अंगाभोवती लांबा गुंडाळून बायका आल्या,
डोळे मिटलेलेच,
हात तेवढे जागे.

बाकोली आली नाही.

कुणी काही बोललं नाही.
रांग सरकली तसा कुणाच्या तरी पायानं
तिचा कॅनही सरकला,
थोडा वाकडा, पुन्हा सरळ,
शिंप्याच्या पायानं, मांदाच्या पोराच्या पायानं,
आणि सतरावा नंबर आला तेव्हा
तो नळाखाली उभा होता
तोंड उघडं टाकून.

नळावरची वोलोलोना
सख्ख्या बापालाही उधार देत नाही.
तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिसा चाचपला.
"राहू दे," म्हणाली.
"धार आहे तोवर भर."

एकशे बारा पायऱ्या. रोज मोजायची ती,
मला कधी मोजाव्या लागल्या नव्हत्या.
साठाव्या पायरीला खांदा बदलला.
दार उघडंच होतं, आत मेणबत्ती,
आणि नात, फित्याव्हाना, उंबऱ्यावर.
"कॅन ठेवून आली," ती म्हणाली,
"जिन्यात बसली दम खायला.
बसली ती बसलीच."
मग कॅनाकडं बघत:
"तिला धुवायला घरात पेलाभर होतं.
आम्ही वाट पाहत होतो."
माझी, की पाण्याची,
मी विचारलं नाही.

बायकांनी दार ओढून घेतलं.
मी बाहेर उभा. ओतल्याचा आवाज येत होता,
हळू, थांबत थांबत.
सांडल्याचा मात्र नाही.
खाली तसराळं धरलं असणार.
तिनंच लावलेली सवय.

आज पुन्हा रांग लावतोय.
लाल फुलीचा कॅन आलाय,
चेप तसाच,
आतून कोरडा.
फित्याव्हानानं शंभराची नोट पुढं केली.
मी घेतली.
घ्यावीच लागते,
नाहीतर उद्या रांग उरत नाही.

"नंबर?" तिनं विचारलं.
"सतरा."
"आजी म्हणायची, सोळा."

मी शिंप्याच्या कॅनाकडं पाहिलं.
शिंपी झोपला होता.